झारेकऱ्याच्या लेकीची दाढ

तोंड उघडं. निळं रबर ताणून बसवलेलं,
त्यातून एकच दाढ वर काढलेली,
शाळेत बाकावर उभ्या केलेल्या पोरासारखी.
नाकानं श्वास घ्या काकू, डॉक्टर बऱ्हाटे म्हणतात,
उकरताना वाफ जास्त निघते,
एरवी ती गप असते बिचारी.

गप.
बेचाळीस वर्षं जेवली माझ्यासोबत,
कळण्याची भाकरी, भरीत, खापरावरचे मांडे,
आणि नवऱ्याच्या तेराव्याला
कुणीतरी बळंच भरवलेला लाडू.

चौऱ्याऐंशी साली, भुसावळच्या दवाखान्यात
कंपाउंडरनं ती खलात घोटली होती.
चांदीची पूड, वर पाऱ्याचा थेंब.
मग फडक्यात घेऊन पिळली,
जास्तीचा पारा टिपक्याटिपक्यांनी बशीत उतरला,
आणि मी, तेरा वर्षांची, गालात कापूस,
खुर्चीतच ताठ बसले :
हे तर आमच्या घरचं काम!

आम्ही झारेकरी. जळगावच्या सराफ बाजारात
दुकानांची कुलपं निघायच्या आत
माय गटारीचा गाळ पाटीत भरायची,
बाप ओट्यांवरची धूळ कुंच्यानं ओढायचा.
कानशीतून उडालेलं, फुंकरीतून सुटलेलं,
गिऱ्हाइकाच्या चपलेला चिकटून गेलेलं सोनं
आमचं.
सात पाण्यांनी गाळ धुवायचा. मग पारा.
पारा सोनाले इसरस नही, बाप म्हणायचा,
कितलाबी गारा राहो, धुंडी काढस.

परातीत हात घालण्याआधी
माय मंगळसूत्र खुंटीला अडकवायची.
एकदा विसरली. दोन्ही वाट्या पांढऱ्या पडल्या.
चुलती म्हणाली, लक्षण बरं नाही.
बापानं त्या विस्तवावर धरल्या,
पुन्हा पिवळ्या केल्या,
आणि त्या धुरात तोंड घालून हसला.

रोजचंच होतं ते.
फडक्यातली गोळी शेगडीवर ठेवायची,
पारा उडून जायचा, सोनं उरायचं.
उडून कुठं जायचा?
खोली एकच होती.

पन्नाशीच्या आतच बापाचे हात कापू लागले.
चहा बशीत थोडा, धोतरावर फार.
सही मागितली की चिडायचा, मग रडायचा.
गल्ली म्हणायची, पितो.
त्यानं आयुष्यात सुपारीसुद्धा खाल्ली नव्हती.

म्हणून भूल द्यायच्या आधी विचारलंच मी :
ह्या दाढेनं माझंही तसंच होईल?
बाई खोटं बोलल्या नाहीत.
एवढ्याशानं नाही होत, म्हणाल्या.
कडेला चीर गेलीय, खालून किडतेय, म्हणून बदलू,
नाहीतर मी हातही लावला नसता.
मला वेगळं ऐकायचं होतं.
कुणीतरी गुन्हेगार हवा होता,
निदान दाढेएवढा.

बाटलीत करडे तुकडे पडले.
हातानं खूण केली, द्या मला.
नाही म्हणाल्या, झाकण घट्ट फिरवलं.
हे साठवून पाठवतो आम्ही, तिकडे गाळतात,
चांदी वेगळी, पारा वेगळा.
म्हणजे अजून कुणी झारेकरी आहे तर, मी म्हणाले,
पण त्यांना ऐकू गेलं : आ.

मग दाताच्या रंगाचा लगदा, निळा उजेड,
वीस सेकंद, पुन्हा वीस.
बावीसशे रुपये. दोन तास काही चावू नका.

सराफ बाजारातून पायी आले.
गटारींवर आता फरशा आहेत.
काचेच्या दाराआड एसीत बसलेली मुलगी
ओट्यावरची धूळ मशीननं ओढत होती,
मी थांबले तशी तिनं विचारलं,
काही दाखवू का मावशी?

घरी चहा केला.
अर्धा ओठ अजून झोपलेला,
चहा हनुवटीवरून ओघळला, पदरावर सांडला.
भुलीमुळं, मी म्हणाले.
भुलीमुळंच.
आणि कप धरलेल्या हाताकडं
बराच वेळ बघत बसले.